भिरंडाच्या पाटीवरचा ‘न’

आमच्या संग्रहालयात तीनच खोल्या आहेत. पहिलीत मापं-वजनं, दुसरीत छपाई, तिसरीत औषधी झाडं. गोव्यातल्या फोंडा तालुक्यातलं हे जुनं घर एका ट्रस्टच्या ताब्यात आहे आणि मी त्याची संचालक. शब्द कार्डावर भारदस्त दिसतो. प्रत्यक्षात किल्ल्यांचा जुडगा, वाळवीचं औषध आणि शाळांच्या सहलींच्या तारखा, एवढा तो कारभार. बाकी वेळ उरला तर अभ्यास.

मी मुळात रसायनशास्त्राची. उच्च माध्यमिकला सतरा वर्षं शिकवलं. आजोबांच्या जमिनीचे कागद वाचायचे म्हणून पोर्तुगीज शिकले; जमिनीचं काही झालं नाही, भाषा तेवढी पदरात पडली. त्या भाषेच्या जोरावर जुनी औषधांची पुस्तकं वाचू लागले, उशिरा का होईना विज्ञानाच्या इतिहासात संशोधन केलं आणि ट्रस्टला कमी पगारात येणारं कुणीतरी हवं होतं तेव्हा इथे आले. हे सगळं सांगायचं कारण एवढंच, की पुढची चूक अडाण्याची नव्हती. ज्याचं हे शिक्षण, त्याच माणसानं ती केली.

तिसऱ्या खोलीत खिडकीजवळ काचेच्या बरणीत सुकी सोलं ठेवली आहेत. बरणीवरच्या पाटीवर बारा वर्षं हा मजकूर होता: “भिरंड (कोकम). शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका. सोळाव्या शतकात गोव्यात राहिलेले वैद्य गार्सिया द ओर्ता यांच्या सन्मानार्थ हे नाव देण्यात आले आहे.”

पाटी मीच लिहिली होती. सहलीची मुलं ती मोठ्यानं वाचायची, शिक्षक वहीत उतरवून घ्यायला सांगायचे. आमच्या माहितीपत्रकात हेच वाक्य ठळक अक्षरांत होतं. एका आंतरशालेय प्रश्नमंजूषेत त्यावर प्रश्न आला, तेव्हा मला आनंदच झाला होता.

गेल्या वर्षी एप्रिलात अकरावीतली एक मुलगी प्रकल्पासाठी आली. बराच वेळ ती पाटीसमोर उभी होती. मग म्हणाली, “मॅडम, गार्सियाचं गार्सिनिया कसं होईल? हा ‘न’ कुठून आला?”

“लॅटिन करताना होतं तसं,” मी म्हणाले.

तिनं मान डोलावली आणि लिहून घेतलं. तिनं लिहून घेतलं ना, तेच मला खुपलं. लॅटिन करताना होतं तसं! रसायनाच्या तासाला एखाद्या पोरानं मला असं उत्तर दिलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

तरीही दोन दिवस मी काही तपासलं नाही. तपासायला जायचं म्हणजे आपल्याला शंका आहे हे कबूल करायचं. तिसऱ्या दिवशी घरामागच्या आपट्याखाली झाडत होते आणि पानाकडे बघता बघता उत्तर समोर आलं. आपट्याच्या कुळाचं, म्हणजे इंग्रजीतल्या ‘जीनस’चं, नाव बाउहिनिया. जाँ आणि गास्पार बाउहिन या दोघा वनस्पतिशास्त्रज्ञ भावांवरून ते ठेवलं गेलं; पानाला दोन जुळी दलं, म्हणून दोन भाऊ. बाउहिनला ‘इया’ जोडला की बाउहिनिया. मान्योलचं मॅग्नोलिया. लोबेलचं लोबेलिया. मग गार्सिनिया ज्याच्यावरून आलं त्या माणसाचं नाव ‘न’वर संपायला हवं. गार्सिया ‘न’वर संपत नाही.

तो माणूस गार्सँ. लोराँ गार्सँ, जन्म १६८३, मृत्यू १७५१. फ्रान्समधल्या ग्रनोबलचा, प्रोटेस्टंट कुटुंबातला, पुढे स्वित्झर्लंडमधल्या नशातेलचा झालेला. १७२०च्या दशकात डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवर शल्यवैद्य म्हणून पूर्वेच्या समुद्रांत हिंडला. मँगोस्टीनचं झाड नीट बघून त्याचं स्वतंत्र कूळ असल्याचं त्यानं मांडलं आणि ते टिपण १७३०च्या दशकात लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आलं. झाडांना दोन शब्दी शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसनं त्या कुळाला गार्सँचं नाव दिलं. १७५३च्या त्याच्या ग्रंथात मँगोस्टीन ‘गार्सिनिया मँगोस्टाना’ म्हणून आहे. आपलं भिरंड त्या कुळात नंतर आलं, पाहुण्यासारखं. ओर्ताचा या नावाशी काहीही संबंध नाही.

चूक कळली. आता ती आली कुठून हे बघायचं होतं. मी जुनी वही काढली. माझ्या वहीत प्रत्येक नोंदीपुढे पुस्तकाचं नाव आणि पान असतं; शिस्तीच्या बाबतीत मी खडूस आहे. त्या पानावर अकरा नोंदी होत्या. दहांपुढे पान क्रमांक, अकरावी मोकळी. अकरावी म्हणजे हीच. वर दोनदा अधोरेखित केलेली, आणि शेजारी माझ्याच अक्षरात “वा!”

त्या ‘वा!’मुळे घात झाला. ओर्ताची गोष्ट मला फार जवळची. १५३४ साली पोर्तुगीज आरमारप्रमुख मार्तिम अफोंसो द सौझाबरोबर तो गोव्यात आला आणि इथेच राहिला. १५६३ मध्ये गोव्यात छापलेलं त्याचं औषधींवरचं पुस्तक संवादरूपात आहे: रुआनो नावाचा नवखा विचारतो, ओर्ता सांगतो, आणि आंतोनिया ही घरातली नोकर मुलगी झाडपाल्याचे नमुने आणून ठेवते. या किनाऱ्यावर छापखाना येऊन तेव्हा जेमतेम सात वर्षं झाली होती. १५६७ मध्ये क्लुसियुस या वनस्पतिशास्त्रज्ञानं अँटवर्पला त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि ओर्ता युरोपभर वाचला गेला. तो ज्यू वंशाचा, बाहेरून ख्रिस्ती. १५६८ मध्ये वारला; पुढच्याच वर्षी इन्क्विझिशननं, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयानं, त्याच्या बहिणीला, कातारिनाला, जाळलं. १५८० मध्ये ओर्ताची हाडं थडग्यातून उकरून काढून जाळली. अशा माणसाचं नाव त्याच मातीतल्या झाडाला मिळावं, आणि तेही आपल्या सोलकढीच्या झाडाला! गोष्ट इतकी सुरेख होती की तिला पुरावा मागायचं मला सुचलंच नाही. गार्सिया खरा, गार्सिनिया खरं, भिरंड खरं. तीन खऱ्या गोष्टींच्या मधोमध ती खोटी गोष्ट बसली होती.

बैठक

आमच्या ट्रस्टची बैठक दर दोन महिन्यांनी, चहा आणि बिस्किटांसह. विषय पत्रिकेत मी शेवटी ठेवला होता: ‘तिसऱ्या खोलीतील पाटीची दुरुस्ती’.

खजिनदार म्हणाले, “पाटी ठीक आहे हो, पण पत्रकांचं काय? कपाटात गठ्ठे पडलेत.”

अध्यक्षांचं मत, गाजावाजा न करता बदलून टाका. “कोण बघतंय?”

एक निवृत्त गुरुजी आमच्यात आहेत. ते खुशीत आले. “बरं झालं बाई. पोर्तुगिजाचं नाव गेलं एकदाचं आपल्या भिरंडावरून.”

मला खरा राग आला तो या वाक्याचा. मी म्हणाले, “गुरुजी, पोर्तुगीज म्हणून ओर्ताला हाकलायचं तर ते काम पोर्तुगिजांनीच आधी करून ठेवलंय. आपल्याला काही शिल्लक नाही.” ते हसले, पण मुद्दा सोडला नाही. गोव्यात नावांच्या भांडणाला कायमच धार असते. रस्त्याचं नाव असो, बागेचं असो, भाषेचं असो. माझी चूक वनस्पतिशास्त्रातली होती. दुरुस्ती मात्र लगेच कुणाच्या तरी बाजूची ठरणार, हे त्या दहा मिनिटांत दिसलं. पाटी तशीच ठेवा म्हणणारंही एक जण होतं. पर्यटकांना गोष्ट आवडते, त्यात कुणाचं काय जातं?

गाजावाजा न करता बदलणं सगळ्यांत सोपं होतं आणि संग्रहालयं बहुतेक वेळा तेच करतात. मी स्वतः एरवी तसंच केलं असतं. पण बारा वर्षं हा मजकूर बाहेर गेला होता. वह्यांत, पत्रकांत, प्रश्नमंजूषेत. भिंतीवरचा ॲक्रिलिकचा तुकडा बदलल्यानं बाहेरचं एक अक्षरही बदलणार नव्हतं. म्हणून मी मागितलं ते वेगळं: जुनी पाटी सहा महिने तशीच राहू दे, तिच्यावर तिरपी लाल पट्टी चिकटवू आणि खाली लिहू, “हा मजकूर चुकीचा आहे. चूक आमची. खरं काय ते शेजारी वाचा.”

अध्यक्षांना ते फार लागलं. “आपणच आपली अब्रू काढायची?” शेवटी चार विरुद्ध तीन असा निर्णय झाला. चौथं मत खजिनदारांचं. पत्रकं फेकायची नाहीत, त्यांच्यावर शिक्का मारायचा, अशी त्यांची अट होती. मी मान्य केली. शिक्के मारायचं काम अर्थात माझ्याकडेच आलं.

कंस

‘शेजारी वाचा’ म्हटलं तर शेजारी काहीतरी लिहायला हवं. नुसतं “गार्सिनिया हे नाव लोराँ गार्सँवरून” एवढं लिहून भागलं असतं. पण या खेपेला प्रत्येक अक्षर तपासायचं असं ठरवलं होतं, म्हणून शास्त्रीय नाव शेवटपर्यंत वाचलं. एरवी आपण दोन शब्दांवर थांबतो. पूर्ण नाव असं आहे: गार्सिनिया इंडिका (थुआर) श्वाझी.

हा कंस वनस्पतिशास्त्रात फार बोलका असतो. पहिल्यांदा ज्यानं झाडाचं वर्णन करून नाव दिलं तो कंसात. नंतर ज्यानं ते दुसऱ्या कुळात नेलं तो कंसाबाहेर. लग्नानंतर सासरचं नाव आलं, माहेरचं कंसात राहिलं, असं समजा. श्वाझी हा जिनिव्हाचा धर्मोपदेशक आणि वनस्पतिशास्त्रज्ञ. १८२४ मध्ये त्यानं आपलं झाड गार्सिनियात नेलं. आणि थुआर म्हणजे ओबेर द्यु पेती-थुआर, मादागास्कर आणि मॉरिशसच्या झाडांवर काम केलेला फ्रेंच माणूस. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यानं या झाडाला दिलेलं मूळ नाव होतं ब्रिंदोनिया इंडिका.

ब्रिंदोनिया. मी ते मोठ्यानं म्हणाले आणि खुर्चीतून उठलेच.

गोव्याच्या पोर्तुगिजात भिरंडाला ‘ब्रिंदांव’ म्हणतात. अनेकवचन ‘ब्रिंदोंइश’. हा शब्द पोर्तुगालमधून आलेला नाही. कोकणीतल्या ‘भिरंड’चाच तो पोर्तुगीज तोंडातला अवतार. आसगावच्या मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दलगादोंनी १९१९ ते १९२१ मध्ये काढलेल्या पोर्तुगीज-आशियाई शब्दांच्या कोशात तो सापडतो. आणि तो शब्द छापील पुस्तकात लवकरात लवकर कुठे भेटतो? ओर्ताच्या पुस्तकात. बोरांवरच्या संवादात बोलता बोलता ब्रिंदोंइशचा विषय निघतो: आतून रक्तासारखं लाल, फार आंबट, आणि साल वाळवून ठेवतात ती व्हिनेगरसारखी वापरायला. साडेचारशे वर्षांपूर्वीचं हे सोलांचं वर्णन. काउंट फिकाल्यूंनी १८९१ आणि १८९५ मध्ये दोन खंडांत काढलेली ओर्ताची आवृत्ती मी पूर्वी वाचली होती, हे पानही वाचलं होतं. तेव्हा मी ओर्ताचं नाव झाडावर शोधत होते, त्यामुळे झाडाचं नाव ओर्ताच्या पानावर होतं ते दिसलंच नाही.

म्हणजे दिशाच उलटी होती. वैद्याचं नाव झाडाला गेलं नव्हतं. स्वयंपाकघरातला शब्द वैद्यानं उचलून कागदावर घेतला होता, आणि तोच शब्द पुढे काही वर्षं विज्ञानातलं नाव म्हणून मिरवला. मग श्वाझीनं झाड हलवलं आणि शब्द गळला. उरला तो कंस.

गुरुजींना फोन केला. ते इतके उत्साहात आले की दुसऱ्याच दिवशी नव्या पाटीचा मजकूर घेऊन हजर झाले: “गोव्याचा शब्द जगाच्या विज्ञानात!” खाली उद्गारचिन्हं तीन. मी कागद हातात घेतला आणि मला माझ्या वहीतला तो ‘वा!’ आठवला. त्यांचा मजकूर खोटा नव्हता. पण ते नाव आज प्रचलित नाही, समानार्थी नावांच्या यादीत पडून आहे, हे त्यात नव्हतं. एक गोड गोष्ट काढून तिच्या जागी दुसरी गोड गोष्ट बसवायची आणि बारा वर्षांनी आणखी एखाद्या अकरावीतल्या पोरीनं येऊन विचारायचं, हे मला नको होतं. गुरुजी थोडे रुसले. नंतर त्यांनीच सुचवलं, की ‘भिरंड’ हा शब्द तरी मोठ्या टायपात घ्या. घेतला.

मे महिना

पाटी छापायला टाकायच्या आधी बरणीतली सोलं बदलायची होती. ती दर वर्षी बदलावी लागतात. पावसाळ्यात बुरशी धरते. आमच्याकडे साफसफाईला येणाऱ्या मावशी हे काम करतात. त्या खेपेला मी त्यांच्याबरोबर बसले, आधी कधी बसले नव्हते.

भिरंडं मधोमध चिरायची, आतला गर आणि बिया भांड्यात पाडायच्या, वाट्या उन्हात पसरायच्या. संध्याकाळी त्या वाट्या गरातून सुटलेल्या रसात बुडवायच्या, मीठ घालून. सकाळी पुन्हा उन्हात. असं चार-पाच दिवस, वाट्या काळ्याभोर आणि लवचिक होईपर्यंत. बिया वेगळ्या वाळवायच्या, कुटून पाण्यात उकळायच्या, वर तरंगतं ते थंड झाल्यावर हातानं वळून अंड्याएवढा गोळा करायचा. ते भिरंडेल. टाचांच्या भेगांवर याच्याइतकं गुणकारी दुसरं काही नाही, असं मावशींचं म्हणणं, आणि माझ्या टाचांचंही. तीन दिवस माझी बोटं जांभळी होती. बँकेत सही करताना कारकुनानं विचारलं, शाई फुटली का?

मावशींना मी नव्या पाटीतलं ‘ब्रिंदोनिया’ वाचून दाखवलं. त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं, हसल्या. “भिरंडां म्हळ्यार भिरंडां, बाय. तुमी कितें बरयतात तें बरयात.” म्हणजे भिरंडं ती भिरंडंच, तुम्हाला काय लिहायचं ते लिहा. मग थोडं थांबून विचारलं, “पण पाटीर सोलां कशीं करतात तें ना?”

नव्हतं. बारा वर्षं बरणी होती, नाव होतं, नावावरून वाद झाला होता, पण बरणीतली वस्तू कशी होते याची एक ओळ आम्ही लिहिली नव्हती. ती आता आहे, मावशींनी सांगितल्याप्रमाणे.

पाटीचा सध्याचा मजकूर असा: “भिरंड. गार्सिनिया इंडिका. ‘गार्सिनिया’ हे नाव लोराँ गार्सँ या शल्यवैद्यावरून आले. गार्सिया द ओर्ता यांच्यावरून नव्हे. ओर्ता यांनी १५६३ मध्ये या फळाचे वर्णन ‘ब्रिंदोंइश’ या नावाने केले. तो शब्द ‘भिरंड’वरूनच आला. या झाडाचे जुने शास्त्रीय नाव ब्रिंदोनिया होते, आता ते वापरात नाही.” त्याखाली सोलांची कृती.

ओर्ताला त्या खोलीत हक्काची जागा हवीच होती, म्हणून दाराजवळ वेगळी पाटी केली, पटकीच्या संवादावर. गोव्यात बघितलेल्या रोग्याचं वर्णन त्यात आहे आणि रोगाचं स्थानिक नाव त्यानं ‘मोर्शी’ असं लिहिलंय. आपली मोडशी. फ्रेंचांनी पुढे त्याचं ‘मोर द शियँ’, म्हणजे कुत्र्याचं मरण, करून टाकलं. या नोंदीपुढे वहीत पान क्रमांक आहे.

या प्रकरणानंतर तिन्ही खोल्यांतल्या सगळ्या पाट्या उतरवून तपासल्या. तीन काढाव्या लागल्या. त्यांतली एक खंडीची. खंडीचे किलो आम्ही एकाच आकड्यात दिले होते, आणि खंडी गावागणिक, मालागणिक वेगळी असते हे मापांच्या खोलीत तरी कळायला हवं होतं. आता प्रत्येक पाटीच्या मागे पेन्सिलीनं आधार लिहिलेला असतो: पुस्तक, पान, कुणी तपासलं. काम कंटाळवाणं आहे. कुणाला दिसत नाही, अनुदान मागताना दाखवता येत नाही.

लाल पट्टीवाली पाटी ठरल्याप्रमाणे सहा महिने राहिली. अध्यक्षांची भीती खोटी ठरली, पण माझी अपेक्षाही पुरी झाली नाही. लोक चुकीच्या पाटीसमोर जास्त थांबायचे, तिच्यासोबत फोटो काढायचे. शेजारची खरी वाचणारे थोडे. अकरावीतली ती मुलगी निकालानंतर पेढे घेऊन आली, दोन्ही पाट्या वाचल्या आणि म्हणाली, “मॅडम, माझ्या प्रकल्पात अजून ‘लॅटिन करताना होतं तसं’ असंच आहे. पूर्ण मार्क मिळाले.”

प्रश्नमंजूषेच्या आयोजकांना मी पत्र लिहिलं होतं. त्यांनी मनावर घेतलं. यंदा तोच प्रश्न त्यांनी दुरुस्त उत्तरासह विचारला. एका मुलानं ‘गार्सिया द ओर्ता’ सांगितलं आणि गुण गेला. त्याची आई परीक्षकांकडे गेली. ती शाळेत असताना आमच्याकडे सहलीला आली होती आणि अलीकडे मुलालाही घेऊन आली होती. तिच्या मोबाइलमध्ये पाटीचा फोटो होता. लाल पट्टी लागायच्या आधीचा. परीक्षकांनी मला फोन लावून दिला. मी त्या बाईंना सगळं समजावलं आणि नव्या पाटीचा फोटो पाठवला. दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर अजून आलेलं नाही.